खराब दिवा पाहिजे

रूपरावांनी स्वयंपाकघर बांधायला घेतलं तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं आणि स्वयंपाकघराची लांबी पंधरा इंच. बोरगाव मेघेतल्या आपल्याच घराच्या मागच्या खोलीत, खाटेवर जुनं वर्तमानपत्र अंथरून, ते दिवाळीपासून त्याच कामात गुंतले होते. चहापत्तीच्या खोक्याचं प्लाय कापून तीन भिंती उभ्या केल्या, चौथी बाजू बघणाऱ्यासाठी उघडी ठेवली. कडप्प्याच्या चिपेचा ओटा झाला, औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांचे डबे झाले. खिडकीला गज पाहिजे होते, ते आनंदाबाईंच्या केसांच्या आकड्यांचे लावले. आरशामागे सात आकडे तसेच पडून होते आणि खिडकीला बरोबर सातच लागले. ओट्यासमोर एक बुटका स्टूल ठेवला. त्या स्टुलावर बसून मेथी निवडणारी बाई मात्र त्यांना करता आली नाही. मातीची करून पाहिली, ती शेजारच्या प्रभाकररावांसारखी दिसायला लागली, म्हणून मोडून टाकली.

आनंदाबाई म्हणजे रूपरावांची बायको. येत्या पौषात त्यांना जाऊन वर्ष होणार होतं.

रूपराव हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं वायरमन होते. तिथला एक दिवा मिचकला तरी ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि घरी? घरी स्वयंपाकघरातली ट्यूब अकरा वर्षं भकभकत होती. बटन दाबलं की दोनदा मिचकायची, दम खायची, पुन्हा एकदा मिचकायची, मग मनात आलं तर लागायची. आणि लागली तरी मधूनच थरथरायची. त्या उजेडात आनंदाबाई अकरा वर्षं भाकरी थापत आल्या आणि अकरा वर्षं ट्यूबचं गाऱ्हाणं सांगत आल्या. रूपरावांचं उत्तर ठरलेलं होतं, "उद्या पाहतो." दिवसभर पेच पिळायचा पेचकस हातात धरलेल्या माणसाला घरी आल्यावर पेचकस बघवत नाही, असं त्यांचं म्हणणं. बरं, निवृत्त झाल्यावर तरी? निवृत्त झाल्यावर तर रोजच उद्या होता.

शिवाय आनंदाबाईंनी रोगाचं निदानही करून ठेवलं होतं. "ट्यूबमंधी काई नाई. बटनात आहे. दाबलं का आंदर चरचरते, तुमाले आइकू येत नाई का?" यावर रूपराव हसत. बत्तीस वर्षांचा वायरमन, आणि त्याला बटन शिकवणार कोण, तर जिनं जन्मात कधी फ्यूज बांधला नाही ती! ते म्हणत, चोक गेला आहे, चोक आणावा लागेल, आणि चोक काही आणत नसत. बायकोचं हे निदान त्यांनी पानठेल्यावर चारचौघांना सांगून हशाही मिळवला होता.

मागच्या पौषात एका संध्याकाळी आनंदाबाई म्हणाल्या, "आता तरी पाहा नं. मले डोयाले तरास होते." रूपराव म्हणाले, उद्या पाहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता आनंदाबाई गेल्या. छातीत कळ आली, एवढंच. ट्यूबचा त्यात काही दोष नव्हता, डॉक्टरांनीही ट्यूबचं नाव काढलं नाही. पण रूपरावांच्या मनात त्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या त्या चिकटल्याच.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलानं, योगेंद्रनं, स्वयंपाकघर नवं केलं. आईची फार दिवसांची इच्छा होती, ती गेल्यावर पुरी झाली. आपल्याकडे बऱ्याच इच्छा अशाच पुऱ्या होतात. वायरिंग नवी, बोर्ड नवा, छताला पांढरा चौकोनी दिवा. तो बटन दाबताक्षणी लागायचा आणि घरभर सारखा पसरायचा. जुनी ट्यूब भंगारात गेली असणार, असं रूपराव धरून चालले. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. पुढचं असं होतं की त्या नव्या उजेडात चहाला बसलं की त्यांना बायकोचा चेहरा आठवेनासा झाला होता. नाक आठवायचं, हनुवटीवरचं गोंदण आठवायचं, पण सगळं मिळून चेहरा काही होत नसे. शेवटची अकरा वर्षं संध्याकाळच्या वेळी त्यांनी तिला त्या भकभकत्या उजेडातच पाहिलं होतं. तो उजेड एकदा, फक्त एकदा परत पाहायचा, आणि त्या उजेडात म्हणायचं, आनंदा, चुकलं मायं. खाटेवरचा सगळा खटाटोप त्यासाठी होता.

भिंती सोप्या होत्या, भकभक अवघड निघाली. बॉलपेनच्या पारदर्शक नळीत दोन पांढरे एलईडी बसवले, ट्यूब हुबेहूब झाली, पण ती लागायची आणि लागूनच राहायची. आयुष्यभर दिवे नीट करण्यात गेलेल्या माणसाला दिवा बिघडवता येईना. दिवाळीच्या माळेतला मिचकणारा दिवा जोडून पाहिला, तर स्वयंपाकघराचं लग्नाचं मंगल कार्यालय झालं. खेळण्यातल्या गाडीचं मशीन जोडलं, तर ओट्यावर पोलीस आल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी बजाज चौकातल्या एका दुकानात दिवाळीच्या उरलेल्या बॅटरीच्या पणत्या दिसल्या. अशा पणतीच्या टोकाला हरभऱ्याएवढा पिवळा दिवा असतो. त्याच्या पोटातच एक इवलीशी चिप असते, ती त्याला स्वस्थ बसू देत नाही. असा एक दिवा एकाच तारेवर ओळीत जोडला की बाकीचे साधे दिवेही त्याच्याबरोबर थरथरायला लागतात, हे वायरमनला सांगावं लागत नाही. रूपराव दुकानात उभ्या उभ्या एकेक पणती लावून पाहू लागले. एकोणिसावी पणती दोनदा मिचकली, थांबली, आणि पुन्हा एकदा मिचकली. रूपरावांचा हात तिथंच थांबला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "काका, ते खराब आहे. दुसरी देतो."

"हेच पाहिजे," रूपराव म्हणाले, आणि पणती रुमालात बांधून सायकलवर घरी आले.

पणतीतला दिवा काढून त्यांनी मागच्या भिंतीआड काळ्या पट्टीखाली लपवला आणि सगळं जुन्या वायफायच्या अडॅप्टरला जोडलं. लावलं. नळी दोनदा मिचकली, दम खाल्ला, पुन्हा मिचकली. रिकाम्या स्टुलाची सावली भिंतीवर आली, गेली, आली. चेहरा अगदी उंबऱ्यापर्यंत आला होता. तेवढ्यात सुनेनं, सपनानं, जेवायला हाक मारली आणि रूपरावांनी घाईनं बंद केलं. म्हटलं, आता तिच्या श्राद्धालाच.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी बैठकीत टेबलावर फोटो मांडला गेला. शेजारी रूपरावांनी आपलं स्वयंपाकघर ठेवलं, दिवा लावला आणि ते आंघोळीला गेले. इथं चुकलं. श्राद्धाच्या घरी आलेल्या माणसाला हाताला काम लागतं. काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून तो सतरंजी सरळ करतो, चपला ओळीत लावतो, फोटोचा हार दोन्हीकडून सारखा करतो. आणि रूपरावांनी तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक बिघडलेली वस्तू मांडून ठेवली होती.

पहिले आले प्रभाकरराव. वीज मंडळातून निवृत्त झालेले. दिवा भकभकताना पाहून त्यांचे हात शिवशिवले. रूपराव ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून मागच्या तारांत बोटं घालून बसले होते. म्हणाले, जोड ढिले होते, आवळले; शिवाय घरून कपॅसिटर आणून लावला. खरंच, दिव्याची थरथर निम्मी झाली होती. रूपरावांनी हात जोडले. दुसरं काय करणार? प्रभाकरराव चहाला आत गेले तसा त्यांनी कपॅसिटर उपटला आणि खिशात टाकला. चहा पिऊन प्रभाकरराव बाहेर येतात, तो दिव्याचं पुन्हा तेच. नोकरीत असताना असा अपमान त्यांचा झाला नव्हता. ते मुकाट्यानं घरी गेले आणि याहून मोठा कपॅसिटर घेऊन आले. रूपरावांनी तोही काढला. आता त्यांच्या दोन्ही खिशात एकेक कपॅसिटर होता आणि प्रभाकरराव एकदा दिव्याकडे, एकदा स्वतःच्या हाताकडे पाहत बसले होते.

तेवढ्यात लेक अंजू आणि जावई ओमप्रकाश आले. अंजू डोळे पुसत वडे तळायला आत गेली. ओमप्रकाशचं हिंगणघाटला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, हत्यारांची पेटी सदा गाडीत. सासूवर त्याचा फार जीव होता. तीही त्याच्यासाठी दर वेळी शेवया बांधून द्यायची. फोटोसमोर बसून त्यानं डोकं टेकवलं, वर पाहिलं, आणि त्याला ती भकभक दिसली.

त्याच वेळी श्राद्ध सांगायला आलेल्या महाराजांनी रूपरावांना सोवळं नेसवून पाटावर बसवलं आणि बोटात दर्भाचं वेढं घातलं. पाटावर बसलेल्यानं मधे उठायचं नसतं, बोलायचं तर त्याहून नसतं. समोर दहा फुटांवर जावई पेटी उघडतो आहे, चिमटा काढतो आहे, काळी पट्टी सोलतो आहे, हे सगळं रूपराव पाहत होते. एकदा त्यांच्या तोंडून "अं..." असा आवाज निघाला. महाराजांना वाटलं, मंत्र चुकला, आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून म्हणवून घेतला. त्या दुसऱ्या फेरीत ओमप्रकाशनं खराब दिवा शोधून काढला, मुळापासून कापला आणि त्या जागी पेटीतला नवा पांढरा बसवला. स्वयंपाकघर सराफाच्या दुकानासारखं लखलखलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रभाकरराव सर्वात जास्त खूश झाले, कारण रोग कपॅसिटरचा नव्हता हे सिद्ध झालं.

"आईजवळ भकभक बरी नाई दिसत, मामाजी," पूजा आटोपल्यावर ओमप्रकाश म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

सासूच्या श्राद्धाला जावयानं मनापासून केलेल्या कामाला कोणता सासरा नको म्हणेल? रूपराव म्हणाले, "लई चांगलं केलं, जवाईबापू." मग घसा साफ करून त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की जुना दिवा कुठं आहे. तो तर त्यानं खाली टाकला होता. खालचं सगळं, फुलांच्या पाकळ्या, वाती, तारांचे तुकडे, सपनानं सुपलीत भरलं होतं. आणि सुपली कचरागाडीत रिकामी करून ती आत्ताच घरात आली होती. गाडीचं गाणं अजून कोपऱ्यावर ऐकू येत होतं.

रूपराव धावले. सोवळ्याच्या धोतरावर, उघड्या अंगानं, बोटातल्या दर्भासकट, पौषातल्या थंडीत एक अडुसष्ट वर्षांचा माणूस कचरागाडीमागे धावतो आहे हे बोरगावानं पहिल्यांदाच पाहिलं. गाडी थांबली. चालकानं विचारलं, काय गेलं काका? रूपरावांना दम लागला होता. त्यांनी बोटाचं पेर दाखवलं आणि गाडीच्या कठड्यावरून आत वाकले.

नेमका याच वेळी आष्टीहून आनंदाबाईंचा धाकटा भाऊ भैय्याजी ऑटोतून उतरला. एका हातात संत्र्यांची थैली, डोळ्यात बहिणीची आठवण, आणि समोर काय, तर भाऊजींचे नुसते पाय दिसत आहेत, बाकीचे भाऊजी कचऱ्यात.

"काय झालं, भाऊजी?"

"तिचं व्हतं," आतून आवाज आला. "एवढंसं."

"सोन्याचं?"

रूपराव आणखी खोल वाकले. खरं सांगावं तर कसं सांगावं, हेच त्यांना उमगत नव्हतं. बिघडलेल्या दिव्यासाठी श्राद्ध सोडून धावलो म्हणावं, तर जावयाचं मन मोडतं; आणि तो बिघडलेलाच का पाहिजे हे सांगावं, तर अकरा वर्षांचं सगळं सांगावं लागतं. ते गप्प राहिले, आणि अशा वेळी गप्प राहणाऱ्याचं उत्तर लोक आपल्याच मनानं भरून घेतात. भैय्याजीनं संत्र्यांची थैली खाली ठेवली आणि बाह्या वर केल्या.

पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं मंगळसूत्राचा मणी, कुणी म्हणालं कुडीतला मोती, मागे उभ्या असलेल्यांपर्यंत पोचता पोचता त्याची एकदाणी झाली. चालकानं बिचाऱ्यानं ताडपत्री अंथरून कचरा ओतून दिला. ज्यांच्या घरचा कचरा होता त्या बाया आपापला कचरा ओळखून आधी लपवू लागल्या आणि मग शोधू लागल्या. ओमप्रकाश चिमटा घेऊन एकेक पाकळी बाजूला करत होता. योगेंद्र बापाच्या खांद्यावर शाल टाकायला पाहत होता आणि ते टाकू देत नव्हते. महाराज फाटकात उभे राहून घड्याळ बघत होते. आणि अंजूला कुणी काही सांगितलंच नव्हतं, ती आत वडे तळत होती.

सोनं सापडेना तसा भैय्याजीचा पारा चढला. त्यानं सपनाकडे पाहिलं. "मायल्या बहिणीचं सोनं असं झाडून काढते का कोनी? आज कुठं वर्स झालं तिले जाऊन."

सुपली सपनानं भरली होती हे खरंच होतं. ती घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या डोळ्याला धार लागली होती आणि कानात काही नव्हतं. कानातले टॉप्स तिनं रूपरावांच्या तळहातावर ठेवले. म्हणाली, "हे ठेवा, बाबा. आईचंच समजा. मले दिसलं नाई, खरंच दिसलं नाई."

रूपराव त्या टॉप्सकडे पाहत राहिले. लग्नात आनंदाबाईंनीच सुनेला घातलेले होते ते. मग एवढा वेळ जे जमलं नव्हतं ते त्यांना एकदम जमलं.

"सोनं नाई बाप्पा," ते म्हणाले. "लाईट आहे. तो जवाईबापूनं काढलेला."

"तो तं खराब व्हता, मामाजी," ओमप्रकाश चिमटा हातात तसाच धरून म्हणाला.

"म्हणूनच पाहिजे."

आणि भर रस्त्यात, कचऱ्याच्या मधे उभं राहून, रूपरावांनी सगळं सांगितलं. ट्यूब सांगितली, उद्या सांगितला, शेवटची संध्याकाळ सांगितली. चेहरा आठवत नाही हेही सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज फाटला. प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला. चालकानं तेवढ्यात ताडपत्रीच्या कडेवरून एक हरभऱ्याएवढी वस्तू उचलून पुढं केली. तोच दिवा होता. पण ओमप्रकाश हातचा सफाईदार कारागीर. त्यानं दिव्याच्या दोन्ही तारा अशा मुळाशी कापल्या होत्या की आता त्याला काहीच जोडता येणार नव्हतं. तो खाली मान घालून रडायला लागला आणि रूपरावांनाच त्याची समजूत काढावी लागली.

सपनानं पदरानं नाक पुसलं. "बाबा, तुमाले ट्यूब पाहिजे व्हती तं मले काऊन नाई म्हटलं?"

"आता कुठं भेटते ती?"

"सज्ज्यावर आहे," सपना म्हणाली. "आई रोज बोलत तिले. फेकाले जीव नाई झाला माया."

पुढच्या दहा मिनिटांत बोरगावातलं ते स्वयंपाकघर माणसांनी भरून गेलं. सज्ज्यावरून आनंदाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ट्यूब निघाली, पट्टी, चोक, स्टार्टरसकट. काचेच्या टोकाला पिठाचा हातही तसाच होता. प्रभाकरराव स्टुलावर चढले. ओमप्रकाशनं पापक्षालन करावं तसं तारा जोडल्या. भैय्याजीनं खालून पट्टी धरली आणि सपनाकडे न बघता तिला म्हणाला, "पोरी, मनात नको ठेवू." कचरागाडीचा चालकही दाराशी आला होता. अंजू हातातला झारा घेऊन तशीच उभी राहिली. नवा चौकोनी दिवा बंद केला. रूपरावांना ओट्यासमोर नेऊन उभं केलं आणि बटन त्यांनीच दाबावं असं ठरलं.

त्यांनी फोटो डोळ्यासमोर आणला, मनातल्या मनात 'आनंदा' म्हटलं आणि बटन दाबलं.

ट्यूब लागली. मिचकली नाही, थांबली नाही, दम खाल्ला नाही. सरळ, पांढरी, शांत लागली आणि लागून राहिली.

लोक खूश झाले. बिघडलेली ट्यूब उन्हाळ्यापासून सज्ज्यावर पडून आपोआप सुधारली म्हणून भैय्याजीनं हात जोडले. ओमप्रकाश म्हणाला, प्रभाकररावजींच्या हाताला यश आहे, आणि सकाळपासून खचलेले प्रभाकरराव स्टुलावर ताठ झाले.

रूपरावांचा हात अजून बटनावरच होता. ट्यूब तीच होती. चोक तोच, स्टार्टर तोच. उन्हाळ्यात बदलल्या होत्या त्या तारा आणि हे बटन, आणि चरचरायचं ते बटनच. एक पेच ढिला असेल आत. दोन मिनिटांचं काम. अकरा वर्षं ती रोज बोट ठेवून जागा दाखवत होती, आणि बत्तीस वर्षांचा वायरमन पानठेल्यावर ती गोष्ट सांगून हसत होता.

"बटनात व्हतं," ते म्हणाले. "बटनातच व्हतं रे. तिनं सांगतलं व्हतं मले." आणि ते त्या लोकांसमोर, सोवळ्यात, प्रभाकरराव उतरले त्या स्टुलावर बसून लहान पोरासारखे रडले. लोकांना वाटलं, ट्यूब लागल्याचा आनंद झाला. त्यांनी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि वडे थंड होत आहेत म्हणून पानं मांडायला घेतली.

जेवणं झाली. दुपारी सोयरे निघाले. भैय्याजीची संत्री सगळ्या गल्लीत वाटली गेली, चालकालाही चार मिळाली. ओमप्रकाशनं जाताना शपथेवर सांगितलं की पुढच्या दिवाळीत हिंगणघाटातल्या सगळ्या पणत्या तपासून तसाच खराब दिवा आणीन. रूपरावांनी फोटोशेजारचं छोटं स्वयंपाकघर उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. लखलखत होतं ते, बंद केलं.

दिवेलागणीला सपना भाकरी करायला ओट्याशी आली तेव्हा वीज गेलेली होती. गल्लीत सगळीकडे होती, ह्यांच्याच घरात नव्हती. ती बाहेर जाऊन पाहणार तेवढ्यात वीज आली. तिनं स्वयंपाकघराचं बटन दाबलं.

ट्यूब दोनदा मिचकली. थांबली. पुन्हा एकदा मिचकली आणि मग लागली, मधून मधून थरथरत.

रूपराव दाराशी आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले. सपना परातीत पीठ घेऊन वाकली. भिंतीवर तिची सावली यायची, जायची, यायची. रूपराव भिंतीकडे पाहत होते आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा सैल झाला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. सपनानं एकदा वर ट्यूबकडे पाहिलं, एकदा सासऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणाऱ्या पेचकसाकडे पाहिलं. पिठात पाणी घातलं, मळलं, पहिली भाकरी थापून तव्यावर टाकली. मग पाठमोरीच म्हणाली,

"बाबा, ट्यूब भकभक करून राह्यली. बटनात असन काई तरी."

"हो," रूपराव म्हणाले. "तुयं बरोबर आहे. बटनातच आहे."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

"उद्या पाहतो," रूपराव म्हणाले.